पदराची गाठ आणि मोबाईलमधली यादी

आमची आई एखादे काम लक्षात ठेवायचे असले की पदराला गाठ मारते. रेशनची एक, दवाखान्याच्या तारखेची एक. कुठली गाठ कशाची, हे तिला कधी विचारावे लागत नाही. काम झाले की गाठ सुटते. वय ८२, शाळा दुसरीपर्यंत. पण तिच्या पदराला एका वेळी तीनपेक्षा जास्त गाठी आम्ही कधी पाहिल्या नाहीत.

आमच्या घराचे तसे नाही. मागल्या उन्हाळ्यात एका रात्री आम्ही, थोरले बंधू आणि वहिनी असे तिघे कागद घेऊन बसलो आणि घरात अडून पडलेली कामे लिहीत गेलो. पुतणीचे जातवैधता प्रमाणपत्र. धाकट्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज. बंधू गवंडी आहेत, त्यांच्या बांधकाम कामगार नोंदणीचे नूतनीकरण. आईच्या निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला. उत्पन्नाचा दाखला. आधारमधले वहिनीच्या नावाचे चुकलेले स्पेलिंग. छताची गळती. अशी ३१ कामे निघाली. पुण्याला एका कंपनीत नोकरी करणारा आमचा भाचा तेव्हा उमरखेडला आला होता. कागद पाहून म्हणाला, "मामा, आता हे कागदावर ठेवायचे दिवस गेले. एक ॲप लावून देतो. कॉम्प्युटरवर उघडतं, मोबाईलवर पण उघडतं. वेळ झाली की तेच सांगतं."

तेव्हापासून पाच-सहा महिने आम्ही ते वापरतो आहोत. याविषयी आम्हाला काय वाटते ते वाचकांसमोर मांडतो, कारण असे भाचे आता घरोघरी आहेत. आम्ही वापरले त्याचे नाव सांगत नाही. जाहिरातही नको आणि बदनामीही नको. शिवाय यांची घडण थोड्याफार फरकाने सारखीच असते. टूडूइस्ट नावाचे २००७ सालापासून आहे. गूगलचे टास्क्स आहे, मायक्रोसॉफ्टचे टू डू आहे. ही दोन्ही फुकट. टूडूइस्टही फुकट मिळते, पण मर्यादा घालून. वरचे हवे तर महिन्याचे पैसे भरा. २०११ साली निघालेल्या ट्रेलोमध्ये कामाच्या चिठ्ठ्या एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकवता येतात. करायचे, चालू आहे, झाले असे खाने. ही कल्पना मूळची जपानच्या टोयोटा कारखान्यातली. तिथे ताइची ओनो यांनी 'कानबान' नावाच्या कार्डांवर उत्पादनाचे काम चालवले होते.

पहिल्या रात्री भाच्याने ती ३१ च्या ३१ कामे टाकून दिली. फार बरे वाटले, जणू कामेच उरकली! चौथ्या दिवशी यादी उघडली तर १९ कामे लाल. 'मुदत उलटली' म्हणजे लाल. सकाळी उठून घोटभर चहा घेण्याआधी १९ लाल ओळी बघणे हा अनुभव आम्ही कोणाला सुचवणार नाही. वहिनी अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या हाती २०२१ पासून सरकारी पोषण ट्रॅकर आहे, बालकांची वजने आणि उंची त्यात भरावी लागते. त्या म्हणाल्या, "एक मोबाईल मले आधीच कामं सांगते. आता दुसरा कायले?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. इतकेच म्हणू की तो वरच्यांना हिशेब देण्यासाठी आहे, आणि ही यादी आपली आपल्यासाठी. वहिनींनी ते मान्य केले असे नाही. पण यादीत नाव घालू दिले.

यादीत एक ओळ होती, 'पुतणीची व्हॅलिडिटी काढणे'. ती तीन आठवडे तशीच राहिली. रोज रात्री ॲप विचारायचे, आम्ही 'उद्या' दाबायचो. पुतणी बारावी सायन्सला, नांदेडला खोली करून क्लासला जाते. नर्सिंगला किंवा फार्मसीला जायचे म्हणते. प्रवेशाच्या वेळी हे प्रमाणपत्र वेळेत दिले नाही तर राखीव जागेवरचा हक्क जातो, आणि मग खुल्या जागेची फी भरायची म्हटले तर गवंड्याच्या घरात ते स्वप्नातही शक्य नाही. म्हणजे ३१ कामांत सर्वांत महत्त्वाचे हेच. तरी तेच रोज उद्यावर. असे का व्हावे?

भाच्याने फोनवर सांगितले, "मामा, ते एक काम नाही, ढीग आहे. ढिगाकडे बघून माणूस उठतच नाही. उद्या सकाळी नेमकं काय करायचं, तेवढंच लिहा." डेव्हिड ॲलन नावाच्या अमेरिकन लेखकाचे २००१ सालचे कामाच्या शिस्तीवरचे पुस्तक आहे, त्यातली ही शिकवण असे तो म्हणाला. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ब्लूमा झायगार्निक या संशोधक बाईंनी १९२७ सालीच दाखवले होते की अर्धवट सुटलेले काम मनातून जात नाही, ते टोचत राहते. पुढे २०११ साली अमेरिकेतल्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी पाहिले की काम पुरे केले नाही तरी चालते, ते केव्हा, कुठे, कसे करायचे हे नक्की ठरवले की टोचणी कमी होते. आम्ही शास्त्र शिकलेले नाही. पण रात्री दोनला जाग येऊन 'कागद राहिला' म्हणून छातीत धस्स होणे आम्हाला ठाऊक आहे.

म्हणून बसलो आणि ढीग फोडला. ज्यांच्या घरात पहिलेच वैधता प्रमाणपत्र निघते आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून तो कसा फुटला ते लिहितो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. तो वडिलांकडून, आजोबांकडून वर चढत शोधायचा. आमचे आजोबा पैनगंगेच्या पलीकडचे, हदगावच्या बाजूचे. आज पूल ओलांडला की दुसरा जिल्हा, एवढेच वाटते. पण त्या काळी अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य, आणि तिथल्या जुन्या दप्तरात उर्दू पुष्कळ. त्यात आजोबांच्या नोंदीवर जातीचा एक शब्द, आणि १९५६ नंतर शाळेत गेलेल्या वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. दोन्ही माणसे एकाच घरची, हे वंशावळीच्या शपथपत्राने जोडून दाखवायचे. बौद्धांना अनुसूचित जातीत धरणारी केंद्राची दुरुस्ती १९९० साली झाली. कागदांची साखळी मात्र प्रत्येक घराने आपली आपणच ओवायची आहे.

तर एका ओळीच्या १४ ओळी झाल्या. 'रविवारी आईला विचारणे, आजोबा कोणत्या गावच्या शाळेत होते.' 'त्या शाळेत जाऊन प्रवेश-निर्गम उतारा मागणे.' 'शाळेत नसेल तर तहसीलमध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागणे.' 'उर्दू वाचणारा शोधणे.' 'वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आत्याचाही मिळाला तर.' 'शपथपत्रासाठी स्टँप.' 'ऑनलाईन अर्ज.' 'अर्जाची छापील प्रत व कागद कॉलेजमार्फत.' पहिल्या ओळीला पैसा लागला नाही, हजेरी बुडाली नाही. आई चुलीजवळ बसून तासभर बोलली, गावाचे नाव निघाले, मास्तराचे नाव निघाले. बाहेर एवढी वर्षे राहूनही आम्हाला ते माहीत नव्हते. त्या रात्री ओळीवर टिचकी मारली, ॲपने 'टिंग' असा आवाज केला आणि ओळ नाहीशी झाली. त्या आठवड्यात तीन ओळी गेल्या. ॲपचा खरा उपयोग आम्हाला इथे दिसला, आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

घोटाळा त्यानंतर झाला.

'ऑनलाईन अर्ज' ही ओळ पुरी झाली, कागद गेले, आम्ही टिचकी मारली, टिंग वाजले. यादीतून व्हॅलिडिटी हा शब्दच गेला. आम्ही निर्धास्त. पाऊस आला, सोयाबीन काढणीला आले, बंधू बंदी भागात एका बांधकामावर गेले. बिटरगावकडे मोबाईलला रेंज मिळाली तर मिळाली. अर्जात नंबर त्यांचाच. अर्जात त्रुटी निघाली होती. उर्दू नोंदीचे भाषांतर नीट जोडलेले नव्हते, आणि एक प्रत वाचता येत नव्हती. तसा निरोप त्या नंबरावर आला असणार. तो कोणी पाहिला नाही. ॲप आम्हाला रोज सकाळी गळके छत आठवण करून देत होते. ज्यावर पोरीचे पुढचे शिक्षण अवलंबून, त्याबद्दल चकार शब्द नाही. ॲपचा तरी काय दोष? त्याला आम्हीच सांगितले होते, 'झाले' म्हणून.

पुतणीने नांदेडहून एका रात्री सहज अर्जाची स्थिती उघडून पाहिली. पूर्ततेला चार दिवस होते. "काका, आपलं काम झालं नाही हो," एवढेच ती फोनवर म्हणाली. मग ते चार दिवस कसे गेले ते लिहीत नाही. बंधूंच्या तीन हजेऱ्या बुडाल्या. एका भल्या माणसाने रात्री बसून भाषांतर करून दिले आणि चहाशिवाय काही घेतले नाही. वेळेत पोचलो.

त्यानंतर आम्हाला उमजले की या ॲपांत आणि आमच्या आयुष्यात नेमका फरक कुठे आहे. ॲपच्या लेखी काम दोन प्रकारचे, झाले आणि झाले नाही. ज्याने ते बनवले त्याचे काम बहुधा त्याच्याच हातात असावे. पत्र लिहायचे, लिहिले, झाले. आपल्या घरची कामे तशी नाहीत. आपण आपला वाटा करतो आणि काम दुसऱ्याच्या टेबलावर जाते. अर्ज जातो, सही व्हायची असते. ठेकेदाराकडे ९० दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र मागितलेले असते, तो 'देतो' म्हणतो. त्या 'देतो' मध्ये कामगाराच्या नोंदणीचे वर्ष निघून जाते. म्हणजे ना झाले, ना करायचे. मधल्या दारात उभे. आणि आमची निम्मी कामे नेहमी त्या दारातच उभी असतात.

भाच्याला सांगितले तर तो हसला. म्हणाला, त्या ॲलनच्या पुस्तकातही 'वाट पाहण्याची' वेगळी यादी ठेवा असे आहे. मग बाबा, पहिल्या दिवशी का नाही सांगितले? "मामा, मला कुठं कोणाची वाट पाहावी लागते?" असो. खोटे बोलला नाही.

आता आमच्या ॲपात 'दुसऱ्याच्या हातात' नावाची एक यादी आहे. तिचे नियम आम्ही घरात बसून ठरवले. अर्ज दिला की ओळ पुसायची नाही, या यादीत सरकवायची. पुढे लिहायचे, कोणाच्या हातात आहे, कोणत्या तारखेला दिले, पोच क्रमांक काय. आणि तारीख टाकायची ती त्यांच्या मुदतीची नाही, आपण पुन्हा विचारायला जाण्याची. साधारण १५ दिवसांनी. हातात कागद आल्याशिवाय टिचकी नाही. हे गूगल टास्क्समध्ये होते, टू डू मध्ये होते, ट्रेलोमध्ये तर चौथा खाना काढला की झाले. पैसे भरून घ्यावे असे त्यात काही नाही.

दुसरी गोष्ट, एकट्याच्या यादीचा आपल्याला उपयोग थोडा. आमच्या घरी चांगले मोबाईल दोन, त्यातला एक सकाळी बंधूंच्या खिशात कामावर जातो. दुपारी आठवण वाजली तर ती माळ्यावर सिमेंटच्या पाट्यांत वाजते! म्हणून यादी तिघांच्या नावे केली. पुतणी नांदेडला, आम्ही उमरखेडला, भाचा पुण्याला. एकाने टिचकी मारली की तिघांना दिसते. घेण्याआधी हे तपासावे. गूगल टास्क्सची घरगुती यादी दुसऱ्याबरोबर वाटून घेता येत नाही, गूगल कीपवरची येते, टू डू आणि ट्रेलोतली येते. आणि प्रत्येक ओळीपुढे एकाचे नाव हवे. 'आपण सगळे बघू' असे लिहिलेली ओळ आमच्याकडे अडीच महिने राहिली. ती छताची.

दरवर्षी परत येणाऱ्या कामांना मात्र हे यंत्र पदराच्या गाठीहून सरस आहे यात वाद नाही. बांधकाम कामगाराचे नूतनीकरण दरवर्षी. हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात. शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्या वर्षी पुन्हा. तहसीलचा एक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, मग नवा. एकदा 'दरवर्षी' असे सांगून ठेवले की पुन्हा लिहावे लागत नाही. एक मेख आहे. काही ठिकाणी 'काम केल्यापासून एक वर्षाने' आणि 'दरवर्षी अमुक तारखेला' असे दोन पर्याय असतात. दाखला पंधरा दिवस उशिरा काढला आणि पहिला पर्याय असला तर पुढल्या वर्षी आठवणच पंधरा दिवस उशिरा येते. दुसराच निवडावा, आणि शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधीची तारीख टाकावी. सर्व्हर बंद, लाईट नाही, अंगठा उमटत नाही, यांनाही दिवस लागतात.

ज्यांच्याकडे मोबाईल साधा आहे ते सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर ही यादी उघडू शकतात. आम्हीही दोनदा उघडली, आणि एकदा बाहेर पडताना बंद करायला विसरलो. मागच्या गिऱ्हाइकाने हाक मारून सांगितले, "भाऊ, तुमच्या घरचं सगळं दिसू राह्यलं." तेव्हापासून आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड यांतले काहीही यादीत लिहीत नाही. लिहायचे असेल तर घरच्या वहीत.

वही आम्ही सोडलेली नाही, याला आणखी एक कारण आहे. वुंडरलिस्ट नावाचे असेच एक ॲप होते, बर्लिनच्या कंपनीचे. लाखो लोक वापरत. मायक्रोसॉफ्टने ते २०१५ साली विकत घेतले आणि ६ मे २०२० ला बंद केले. वापरणाऱ्यांना आपापल्या याद्या उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या. आपले घर भाड्याचे असले की मालक केव्हाही खाली करायला सांगू शकतो, तसेच हे. महिन्याच्या एक तारखेला पुतणीचा धाकटा भाऊ 'दुसऱ्याच्या हातात' ही यादी वहीत उतरवून काढतो. अक्षर सुधारते, हा वरचा फायदा.

टूडूइस्टवर कामे उरकल्याचे गुण मिळतात आणि त्या गुणांचे नाव 'कर्म' असे आहे. हे ऐकून आमच्याकडे बराच हशा झाला. गुण वाढावेत म्हणून माणूस सोपी कामे आधी टाकतो. आम्हीही केले. 'दळण आणणे' लिहून लगेच पुसायचे. दिवसाला १२ कामे झाली म्हणून छाती फुगवावी आणि अवघड एक जिथल्या तिथे. भाच्याच्या कंपनीत म्हणे दिवसाच्या प्रत्येक अर्ध्या तासाला काम नेमून ठेवतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, त्याच काळात कामाचे तास कमी करण्याची चळवळ कायद्यात उतरत गेली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. तो वाचलेला वेळ घरच्या यादीने परत गिळू नये. वहिनींनी एकदा स्वतःहून एक ओळ टाकली, 'दुपारी अर्धा तास पडणे'. रोजची. ती ओळ बहुतेक दिवस लालच राहते. आमच्या पाहण्यात तिच्यावर टिचकी पडली ती चार-पाच वेळा.

कोणी विचारील, मग घ्यावे की नाही? घरात शिकणारी मुले असतील, कागदांची कामे चालू असतील, तर फुकटातले घ्यावे, सगळ्यांची मिळून एक यादी करावी. ३१ कामे टाकू नयेत, सुरुवातीला सात पुष्कळ. घरात कागदाचे काम नसेल, बाजार-दळणच असेल, तर पदराला गाठ पुरे. आई आजही तीच मारते आणि आमच्याहून कमी विसरते.

प्रमाणपत्र हा मजकूर लिहीपर्यंत हाती आलेले नाही. पूर्तता दिल्याला ३४ दिवस झाले. मधे दोनदा विचारणा झाली, दोन्ही तारखा ओळीपुढे आहेत. पुढची विचारणा येत्या सोमवारी आहे. उमरखेडहून यवतमाळला जाऊन येण्यात पुरा दिवस मोडतो. बंधूंची स्लॅबची तारीख त्याच दिवशी आली आहे, हजेरी चांगली आहे, म्हणून त्यांचे नाव काढून आम्ही आमचे टाकले. पोचपावतीची झेरॉक्स कालच पिशवीत ठेवली आहे.